खापरांवर भेटलेले इब्री लोक

रविवार, जेरुसलेम

जेरुसलेमला आलेली माणसं आधी पश्चिम भिंतीकडे जातात, नाहीतर ख्रिस्ताच्या कबरीच्या चर्चकडे. आम्ही आधी पाण्यात उतरलो, तेही ऐन फेब्रुवारीत.

जुन्या तटबंदीच्या दक्षिणेला एक अरुंद डोंगरसोंड आहे. दाविद राजाच्या काळचं जेरुसलेम म्हणजे एवढंच. तिच्या पायथ्याशी गिहोनचा झरा आहे आणि तिथून सोंडेच्या पोटातून एक बोगदा निघतो, थेट दुसऱ्या टोकाच्या सिलोआमच्या तळ्यापर्यंत. लांबी 533 मीटर. बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हिज्कीया राजानं नगरात पाणी आणल्याचं लिहिलंय, ते हेच काम असं मानतात. इ.स.पू. 701 मध्ये असुरांचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या अॅसिरियाचा, राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे जेरुसलेमच्या राज्यावर, चालून आला. झरा तटाबाहेर राहिला तर शत्रूला पाणी आणि नगराला तहान, म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत येतं, मग पोटरीपर्यंत उतरतं. गार इतकं की पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. दोन्ही खांदे भिंतीला घासत होते. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे यांचं सगळं लक्ष उताराकडे. एवढ्या लांबीत एकूण उतार जेमतेम 30 सेंटिमीटर आहे. "लेव्हल कशी काढली असेल यांनी?" हे मला तीनदा विचारून झालं. खोदाई दोन्ही टोकांकडून एकाच वेळी चालली होती. टॉर्च भिंतीजवळ धरला की कुदळीचे घाव तिरके ओळीनं दिसतात. एका ठिकाणी बोगदा डावीकडे वळतो, लगेच उजवीकडे, परत डावीकडे. तिथं घावांची दिशाही उलटी होते. इथंच दोन टोळ्या भेटल्या. यांनी दोन्ही हात दोन बाजूंच्या घावांवर ठेवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मागचा शाळकरी मुलांचा घोळका गाणी म्हणत येऊन थडकला, तेव्हा आम्ही पुढं सरकलो.

सिलोआमच्या टोकाजवळ आतल्या भिंतीवर 1880 मध्ये एका मुलाला कोरलेला लेख दिसला. सहा ओळी, जुन्या इब्री लिपीत. (इब्री म्हणजे प्राचीन इस्रायली लोक, ज्यूंचे पूर्वज, आणि त्यांची भाषा, म्हणजेच हिब्रू.) पुढं तो कुणी तरी भिंतीतून तोडून काढला, त्यात त्याचे तुकडे झाले, आणि तेव्हा इथं उस्मानी राज्य असल्यानं तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला. आज जागेवर प्रतिकृती आहे. लेखात काय आहे ते माझ्या मराठीत सांगते. अजून तीन हात खोदायचं राहिलं असताना एका माणसाची दुसऱ्याला मारलेली हाक ऐकू आली. बोगदा फुटला त्या दिवशी खोदणाऱ्यांनी एकमेकांच्या दिशेनं, कुदळीसमोर कुदळ, घाव घातले. मग पाणी उगमापासून तळ्यापर्यंत 1200 हात वाहत गेलं, आणि खोदणाऱ्यांच्या डोक्यावर खडक 100 हात उंच होता.

संपलं. राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. काम कुणी केलं आणि कसं झालं, एवढंच. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. शिलालेख म्हटला की बिरुदावली ठरलेली. इथं हिज्कीयाच्या एवढ्या मोठ्या कामाच्या भिंतीवर हिज्कीयाच नाही. या प्रवासात पुढं काय शोधायचं हे मला तिथल्या तिथं कळलं.

सोमवार, इस्रायल म्युझियम

अख्खा दिवस दिला तरी पुरला नाही. पण आधी थोडा इतिहास, म्हणजे पुढचं नीट लागेल.

इस्रायल नावाच्या लोकांचा सगळ्यात जुना निःसंशय उल्लेख इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाच्या शिळेवर आहे, इ.स.पू. 1208 च्या सुमाराचा. ती कैरोत आहे. त्यावर फुशारकी अशी, की इस्रायल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. त्यानंतर उत्तरेला इस्रायल आणि दक्षिणेला यहूदा अशी दोन राज्यं दिसतात. उत्तरेचं राज्य इ.स.पू. 722 च्या सुमारास असुरांनी बुडवलं, दक्षिणेचं इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सरनं. दोन्हीकडे भाषा एकच, बोलीचा फरक. कनानी, म्हणजे या प्रदेशातल्या प्राचीन, भाषांच्या घरातली. मृत समुद्रापलीकडची मवाबी, उत्तरेच्या किनाऱ्यावरची फिनिशियन या तिच्या सख्ख्या बहिणी. लिपीत 22 अक्षरं, सगळी व्यंजनं.

म्युझियममध्ये तेल दानचा शिलालेख आहे. 1993 मध्ये उत्तरेला दान इथं सापडला. काळ्या बसाल्टवर अरामी भाषेत, इ.स.पू. नवव्या शतकातला, त्यात 'दाविदाचं घराणं' हे शब्द आहेत. पण तो कोरवणारा आजच्या सीरियातल्या अरामचा राजा, म्हणजे शत्रू. पॅरिसच्या लूव्ह्रमधली मेशाची शिळा मवाबच्या राजाची, तोही शत्रूच. स्वतः इस्रायल किंवा यहूदाच्या एकाही राजाचा धड विजयलेख आजवर मिळालेला नाही. शेजारचे सगळे राजे दगडावर ओरडत असताना हे गप्प. कारण काहीही असो, कदाचित उद्या एखादा सापडेलही. पण आज त्यांची जागा भलत्याच माणसांनी घेतली आहे.

त्यातला एक शेतमजूर. त्याचं खापर काचेमागं ठेवलंय, 1960 मध्ये यावनेजवळच्या समुद्रकाठच्या एका छोट्या गढीत सापडलेलं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटाचं. मडक्याचा तुटका तुकडा, त्यावर काळ्या शाईनं चौदा-पंधरा ओळी. माझ्या धन्यानं, अधिकाऱ्यानं, आपल्या सेवकाचं म्हणणं ऐकावं, अशी सुरुवात. तुझा सेवक कापणी करत होता. कापलं, मोजलं, कोठारात भरलं, रोजच्यासारखं. तेवढ्यात शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि त्यानं तुझ्या सेवकाचं पांघरूण नेलं. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे भाऊ साक्ष देतील की मी खरं बोलतोय, माझी काही चूक नाही. पांघरूण परत मिळावं.

बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकात नियम आहे: शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, कारण त्याच्या अंगावर तेवढंच असतं, तो झोपेल कशात? हा नियम मी वर्षानुवर्षं मुलांना सांगितला होता. तो ज्याच्यासाठी होता तशा माणसाचा अर्ज समोर होता. त्याला लिहिता येत नसावं, लेखनिकाला सांगितलं असणार, कारण वाक्यं बोलल्यासारखी आहेत, तेच तेच परत येतं. संतापलेला माणूस असाच बोलतो. मी त्या काचेपुढून हलले नाही, तोवर हे पुढची दोन दालनं बघून आले.

शेजारच्या दालनात केतेफ हिन्नोमच्या चांदीच्या दोन गुंडाळ्या. 1979 मध्ये गॅब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात जेरुसलेमच्याच एका थडग्यात मिळाल्या. लहान गुंडाळी उलगडल्यावर जेमतेम चार सेंटिमीटर लांब. पत्रा इतका पातळ की उलगडायलाच वर्षं लागली. आत केसासारख्या रेघांनी ओरखडलेली अक्षरं: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. गणनाच्या पुस्तकातला हा आशीर्वाद ज्यूंच्या सभास्थानांत आजही म्हणतात. बायबलमधलं वचन असलेला याहून जुना लेख सापडलेला नाही; मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपेक्षा हा काही शतकांनी आधीचा. कुणी तरी गळ्यात ताईत घातला आणि त्याच्यासकट पुरला गेला.

संध्याकाळी कॉफीचे पैसे देताना सुट्ट्यांत एक शेकेलचं नाणं आलं. त्यावर लिलीचं फूल आणि बाजूला तीन वाकडी अक्षरं, योद, हे, दालेत. जुनी इब्री लिपी. फारसी अमलातल्या यहूद प्रांताच्या नाण्यावरून हा नमुना घेतलाय. बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर लोकांनी हळूहळू अरामी वळणाची चौकोनी लिपी धरली, आजची हिब्रू तीच. जुनी अक्षरं शोमरोनी (समॅरिटन) लोकांनी मात्र सोडली नाहीत. त्यांची तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, अजून त्याच वळणात लिहितात.

मंगळवार, कुमरान

गाडी घेऊन मृत समुद्राकडे उतरलो. कुमरान थोडक्यात सांगते, कारण तिथं बघण्यासारखं आहे ते काल म्युझियमच्या पांढऱ्या घुमटाखाली बघून झालं होतं. 1947 च्या सुमारास बदाऊ (बेदुइन) धनगरांना इथल्या गुहेत रांजणात ठेवलेल्या गुंडाळ्या मिळाल्या. पुढं एकूण 11 गुहांतून 900 हून अधिक हस्तलिखितांचे अवशेष निघाले. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी जवळजवळ पूर्ण, सव्वासात मीटर लांब. जागेवर भिंतींचे पाये, पाण्याची टाकी आणि समोर घळीपलीकडे चौथ्या गुहेची भोकं दिसतात.

इथं आल्यावर एक गोष्ट अंगावर आली, ती म्हणजे कोरडेपणा. ओठ तासाभरात फुटले. चामडं आणि पपायरस टिकले ते या हवेमुळे. जेरुसलेमच्या डोंगरावर पाऊस पडतो, तिथला पपायरस कुजून गेला. तिथं हाती लागल्या त्या पपायरसवर लावलेल्या मातीच्या मोहरा. 1982 मध्ये दाविदनगरात, म्हणजे रविवारच्या त्या डोंगरसोंडेवर, एका घरात अशा 51 मोहरा मिळाल्या. बाबेलच्या सैन्यानं शहर जाळलं त्या आगीत कागद जळाले आणि मोहरा भाजून पक्क्या झाल्या. त्यातल्या एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्याहू हे नाव आहे, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चिटणिसाचं. जाळणाऱ्यांनीच ते जपून ठेवलं म्हणायचं.

बुधवार, लाखीश

यहूदातलं जेरुसलेमच्या खालोखाल मोठं शहर. टेकडी हिरवीगार होती, उतारावर लाल अॅनिमोनी फुललेल्या. नैऋत्य कोपऱ्यात दगडांचा प्रचंड उतरता ढीग आहे. इ.स.पू. 701 मध्ये असुरांनी तटावर यंत्रं चढवण्यासाठी रचलेला वेढ्याचा उतार तो हाच. सन्हेरीबानं या विजयाची चित्रं निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बैलगाडीवर बिऱ्हाड लादून निघालेली माणसं, गाडीत बसलेल्या बायका-पोरं. यहूदाच्या लोकांचे चेहरे-कपडे जवळून दिसतात ते या चित्रांत. तेही शत्रूनं काढलेले.

याच स्वारीतला एक प्रसंग राजांच्या पुस्तकात आहे. असुरांचा सरदार रब्शाके जेरुसलेमच्या तटाखाली उभा राहून शरण या म्हणून ओरडतो. हिज्कीयाचे कारभारी त्याला विनवतात, आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला कळते. तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असं यहूदी भाषेत बोलू नका. दरबारात अरामी आणि तटावर इब्री. भाषेचा हा असा सामाजिक नकाशा इतक्या जुन्या ग्रंथात एका वाक्यात सापडतो, आणि रब्शाके त्यावर मुद्दाम आणखी मोठ्यानं इब्रीतच बोलतो.

मी लाखीशला आले ती मात्र वेशीसाठी. बाहेरच्या आणि आतल्या दरवाजाच्या मधल्या खोलीत, शंभरेक वर्षांनंतरच्या दुसऱ्या जळिताच्या थरात, 1935 मध्ये स्टार्की यांच्या उत्खननात 18 लिहिलेली खापरं मिळाली, 1938 मध्ये आणखी तीन. बाबेलच्या शेवटच्या स्वारीच्या आधीची पत्रं. खोलीचे दगड अजून जागेवर आहेत. मी उंबऱ्यावर बसले आणि वहीतून तिसरं पत्र यांना वाचून दाखवलं.

लिहिणारा एका चौकीवरचा अधिकारी, नाव होशायाहू. (पांघरूण नेणाराही होशायाहूच, पण तो वेगळा, नाव तेव्हा घरोघरी असावं.) वरिष्ठ याऊश यानं त्याला लिहिलं होतं की तुला पत्र वाचता येत नाही. होशायाहूला हे फार लागलंय. तुमचं पत्र आल्यापासून तुमच्या सेवकाचं मन आजारी आहे, तो लिहितो. परमेश्वराची शपथ, मला पत्र वाचून दाखवायचा प्रयत्न आजवर कुणी केलेला नाही! जे पत्र माझ्याकडे येतं ते मी वाचतो आणि त्यातलं सगळं सांगू शकतो.

राज्य बुडायला आलंय, शत्रू गावामागून गाव घेतोय, आणि सीमेवरचा साधा अधिकारी निरक्षर म्हटल्यामुळे तळमळतोय. अक्षर येणं ही त्याच्या अब्रूची गोष्ट होती. इब्री लोकांबद्दल मला कुणी एकच पुरावा मागितला तर मी हे पत्र पुढं करीन.

चौथ्या पत्राचा शेवट सगळ्यांना माहीत असतो: माझ्या स्वामीनं दिलेल्या खुणांप्रमाणे आम्ही लाखीशच्या जाळाच्या निशाण्यांवर लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका आम्हाला दिसत नाही. यिर्मया सांगतो की तटबंदीच्या शहरांत शेवटी लाखीश आणि अजेका ही दोनच उरली होती. अजेका पडल्याचाच हा निरोप, असं अनेक जण म्हणतात. मला तितकी खात्री वाटत नाही. चौकी खोलगट जागी असेल, नाहीतर धुकं असेल. पत्रातला माणूस घाबरलेला नाही, तो हुकूम पाळल्याचं कळवतोय.

गुरुवार, अराद आणि दिमोना

नेगेवच्या वाळवंटाच्या काठावर अरादचा किल्ला. जेमतेम 50 मीटर लांब-रुंद. योहानान अहारोनी यांनी 1960 च्या दशकात इथं खणलं तेव्हा कोठाराधिकारी एल्याशीब याचं दप्तर मिळालं, इ.स.पू. 600 च्या सुमाराचं. दप्तर म्हणजे अर्थात खापरं. कित्तींना, म्हणजे ग्रीक बेटांकडच्या भाडोत्री शिपायांना, तीन बाथ (हे तेव्हाचं माप) द्राक्षारस दे आणि तारीख लिहून ठेव. राहिलेल्या पिठातून भाकरीपुरतं लादून पाठव. अशी तासाभरात वाचून होतील एवढी पत्रं. 2016 मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातल्या 16 लेखांची हस्ताक्षरं संगणकानं तपासली आणि निदान सहा वेगवेगळे हात ओळखले. वीस-तीस शिपायांच्या गढीच्या व्यवहारात सहा लिहिणारे! होशायाहू का चिडला ते इथं उलगडतं.

किल्ल्याच्या कोपऱ्यात यहोवाचं देऊळ होतं. अंगणात न घडवलेल्या दगडांची वेदी, आत गाभाऱ्याच्या पायरीवर दोन लहान धूपवेद्या. मूळ वेद्या जेरुसलेमच्या म्युझियममध्ये, इथं नकला. त्यांवरच्या काळ्या थराची तपासणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली: मोठीवर ऊद, लहानीवर शेणात मिसळलेली भांग. बायबलच्या शेवटच्या संपादकांना जेरुसलेमबाहेरचं देऊळ मुळीच मान्य नव्हतं, आणि इथं ते राज्याच्या सरकारी किल्ल्यात आहे. ग्रंथावर माझी श्रद्धा नसली तरी प्रेम आहे. पण ग्रंथ वाचायचा तर अरादलाही यायला हवं.

संध्याकाळी दिमोना. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या नात्यातल्या एक मावशी इथं राहतात. दार उघडताच "ये गो, किती वाट बघितली!" आणि पाठोपाठ चहा, करंज्या. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, समाजाची आठवण अशी की पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. हिब्रू विसरली, उरला तो 'शेमा यिस्राएल' ('इस्रायला, ऐक') हा प्रार्थनेचा मंत्र. "सुंता असो, लग्न असो, काय पन असो, शेमाच म्हणायचे," मावशी म्हणाल्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईत हिब्रू परत शिकली गेली; 1846 मध्ये वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. मावशींच्या फडताळात मराठी प्रार्थनेची पुस्तकं होती आणि इथून निघणाऱ्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचे जुने अंक.

नातू शाळकरी, मराठी समजणारा पण बोलायला लाजणारा. मी त्याला सिलोआमच्या लेखाची आजच्या चौकोनी अक्षरांत उतरवलेली प्रत दाखवली. तो थोडा अडखळला, कारण आज जिथं वाव किंवा योद लिहितात तिथं जुन्या लेखात काहीच नाही. मग एकदम सुटला: "कोल ईश कोरे एल रेओ." एका माणसाचा दुसऱ्याला हाक मारल्याचा आवाज. "हे कळतं की," तो आजीला म्हणाला. पुढच्या 'ज़दा' या शब्दापाशी थांबला. तिथं विद्वानही थांबतात: खडकातली भेग असावी, असा अंदाज आहे.

मधली सतरा-अठराशे वर्षं ही भाषा कुणाच्या स्वयंपाकघरात नव्हती. प्रार्थनेत, टीकाग्रंथांत, व्यापाऱ्यांच्या पत्रांत होती. 1881 मध्ये एलिएझर बेन-यहूदा जेरुसलेमला आला आणि त्यानं घरात हिब्रूच बोलायची असं ठरवलं. एकट्यानं झालं नाही ते. शाळामास्तर, खेड्यांतले वसाहतकरी, सगळ्यांनी मिळून केलं. दिमोनाच्या त्या खोलीत मराठी आजीला इब्री मजुरांचा लेख नातू समजावून सांगत होता, आणि आजी म्हणत होत्या, "हळू बोल रे, मला लिहून घेऊ दे."

शुक्रवार, गेझेर

शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आधी गाडी परत करायची होती, म्हणून पहाटे निघालो. गेझेरला तिकीट नाही, गर्दी नाही. कच्च्या रस्त्याची शेवटची चढण तेवढी जपून घ्या. वर कनानी काळच्या उभ्या शिळांची रांग, आणि खाली चहूबाजूंनी शेतं. बदामाची झाडं फुललेली.

1908 मध्ये मॅकअॅलिस्टर यांना इथं तळहाताएवढी चुनखडीची पाटी मिळाली, इ.स.पू. दहाव्या शतकातली. तीही इस्तंबूलला गेली. भाषा इब्री म्हणावी की नुसती कनानी, यावर वाद आहे. तितक्या जुन्या काळात हा भेद करणं अवघडच. मजकूर शेतीचा आहे. दोन महिने गोळा करायचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे. महिना अंबाडीसारख्या जवसाच्या कापणीचा, महिना सातूच्या कापणीचा, महिना कापून मोजायचा. दोन महिने वेली छाटायचे, महिना उन्हाळी फळांचा. खाली कडेला एक नाव, अबी... पुढचं तुटलंय. आमच्याकडे मृगात पेरा, हस्तात अमुक, हे आजीच्या तोंडी असायचं तसंच हे. अक्षर इतकं ओबडधोबड की शिकणाऱ्या पोरानं गिरवलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही तेच वाटतं. पाटीवर आधीचं खरवडून परत लिहिल्याच्या खुणा आहेत.

खालच्या शेतात गहू वीतभर आला होता, म्हणजे उशिराची पेरणीही उरकलेली. यांनी शेताच्या पाटाचा उतार बघून घेतला. जाणार असाल तर शुक्रवारी दुपारपर्यंत शहरात पोचा; बस, दुकानं, भाड्याच्या गाड्यांची कार्यालयं सगळं बंद होतं आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत उघडत नाही.